शिकवणी सोडवतो तोच शिक्षक

दहावी-बारावीचे निकाल लागले, की महाराष्ट्रातील शहरांच्या चौकाचौकांत गुणवंतांची छायाचित्रे मिरवणारे फ्लेक्स उभे राहतात. हसरा चेहरा, खाली ठळक टक्केवारी आणि त्याहून ठळक अक्षरांत क्लासचे नाव. चार पावले पुढे गेले, की तोच हसरा चेहरा दुसऱ्या क्लासच्या फलकावर दिसतो. क्वचित तिसऱ्याही. एकाने त्याला वर्षभर शिकवलेले असते, दुसऱ्याने केवळ सराव परीक्षा घेतलेली असते, तिसऱ्याच्या व्याख्यानाला तो एकदा जाऊन बसलेला असतो. ज्या शाळेत तो दहा वर्षे शिकला, त्या शाळेचे नाव मात्र कुठेच नसते. आणि ज्या शंभर मुलांनी त्याच क्लासात तेवढेच शुल्क भरूनही साधारण गुण मिळवले, त्यांचे काय झाले, हे कोणताही फलक सांगत नाही.

या फलकांखाली उभा राहणारा मध्यमवर्गीय बाप मनातल्या मनात हिशेब मांडत असतो. आपल्या मुलाला कोणता क्लास लावावा? फी किती? हप्ते मिळतील का? या हिशेबात एक प्रश्न सहसा नसतोच : आपल्या मुलाला शिकवणीची गरज आहे का, आणि असलीच तर शिकवणारा कसा हवा? महाराष्ट्रातील घराघरांतून दरवर्षी जो पैसा आणि मुलांच्या आयुष्यातील जो वेळ या बाजारात ओतला जातो, त्याचा विचार करता हा प्रश्न न विचारणे हा केवळ भाबडेपणा उरत नाही, ती जबाबदारीतून पळवाट ठरते.

केंद्र सरकारच्या २०२५ मधील शिक्षणविषयक नमुना सर्वेक्षणाने या बाजाराचा विस्तार आकड्यांत दाखवला आहे. देशातील सुमारे २७ टक्के शालेय विद्यार्थी खाजगी शिकवणी घेतात. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के, तर ग्रामीण भागात २५.५ टक्के. म्हणजे हे केवळ शहरी चोचले राहिलेले नाहीत. उच्च माध्यमिक स्तरावर शहरी विद्यार्थ्यामागे शिकवणीचा सरासरी वार्षिक खर्च ९,९५० रुपये आहे. ज्यांना शिकवणीच नाही तेही या सरासरीत धरलेले आहेत. तेव्हा ज्या घरांतून प्रत्यक्ष शुल्क भरले जाते तेथील आकडा किती मोठा असेल, याची कल्पना कोणत्याही पालकाला सहज करता येईल.

शिकवणी हे पाप नव्हे

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शाळेबाहेर जाऊन अधिक शिकणे यात गैर काही नाही. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात आत्रेयी नावाची तपस्विनी वाल्मीकींचा आश्रम सोडून अगस्त्यांच्या प्रदेशाकडे निघालेली दिसते. आदिकवीचा आश्रम सोडून ती का निघाली? ती दोन अडचणी सांगते. एक म्हणजे कुश आणि लव यांची बुद्धी इतकी तेजस्वी, की त्यांच्या बरोबरीने अध्ययन करणे तिच्यासारखीला शक्य होईना. दुसरी म्हणजे स्वतः गुरूच रामायणाच्या रचनेत गढून गेलेले. आजच्या शाळेचे दुखणे याहून फार वेगळे नाही. वर्गातील दोन-चार हुशार मुलांच्या गतीने पाठ पुढे सरकतो, उरलेली मागे पडतात. आणि गुरुजी अन्य कामांत गुंतलेले असतात. फरक इतकाच, की वाल्मीकी महाकाव्य रचत होते आणि आजच्या गुरुजींना माहितीचे तक्ते भरावे लागतात, सर्वेक्षणे करावी लागतात, निवडणुकीच्या याद्या तपासाव्या लागतात.

ज्या मुलाला वर्गात समजले नाही, त्याला शेजारी बसवून कोणी समजावून द्यावे, ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे. वार लावून जेवणारा आणि माधुकरीवर शिकणारा गरीब विद्यार्थी आश्रय देणाऱ्या घरातील लहान मुलांचा अभ्यास घेत असे. त्या घराने त्याला अन्न दिले, त्याने त्या घराला विद्या दिली. या व्यवहारात देवघेव होती, पण बाजार नव्हता.

वैयक्तिक मार्गदर्शनाचे मोल आधुनिक शिक्षणशास्त्रालाही मान्य आहे. शिकागो विद्यापीठातील शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे : एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे गेला. इतका मोठा परिणाम पुढच्या अभ्यासकांना सर्वत्र आढळला नाही, तरी दिशा तीच राहिली. याचे कारणही साधे आहे. शेजारी बसलेल्या शिक्षकाला मुलाची चूक ती होत असतानाच दिसते आणि तो ती तेथेच थांबवतो.

मग ऐंशी-शंभर मुलांच्या ‘बॅच’मध्ये ध्वनिक्षेपकावरून शिकवणाऱ्याला शिकवणी कशी म्हणायची? ज्या गर्दीमुळे मूल शाळेत मागे पडले, तीच गर्दी दुप्पट करून, त्यावर वातानुकूलनाचे वेष्टण चढवून पालकांना विकली जाते. आजाराचेच औषध म्हणून वितरण व्हावे, असा हा प्रकार आहे.

विद्येचे व्यापारी

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदिशेच्या राजवाड्यातील गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद उभा राहतो. दोघेही आजच्या भाषेत खाजगी शिकवणीचे शिक्षकच. या वादात गणदासाच्या तोंडून कालिदासाने जे सांगितले ते सोळा शतके होत आली तरी शिळे झालेले नाही. ज्याची विद्या केवळ पोट भरण्यापुरती उरते, त्याला लोक ज्ञानाची दुकानदारी करणारा व्यापारी म्हणतात, असे तो ठणकावतो. त्याच प्रवेशात परिव्राजिका शिक्षकाची कसोटी सांगते. एखाद्याची विद्या त्याच्या स्वतःपाशी उत्तम असते, दुसऱ्याला ती शिष्यात उतरवण्याची हातोटी साधलेली असते. ज्याच्यापाशी ही दोन्ही आहेत, त्यालाच शिक्षकांच्या अग्रस्थानी बसवावे. म्हणूनच तेथे परीक्षा आचार्यांच्या भाषणांची होत नाही, शिष्येच्या प्रयोगाची होते.

आजचा क्लासचालक म्हणेल, ‘आम्हीही शिष्यांचेच निकाल दाखवतो.’ दाखवतो खरा, पण कोणत्या शिष्यांचे? प्रवेशाआधी चाळणी परीक्षा घ्यायची, ९० टक्क्यांवरील मुलांना शुल्कमाफी देऊन ओढून आणायचे, त्यांची वेगळी तुकडी करायची, उत्तम शिक्षक त्याच तुकडीला द्यायचे आणि निकालाच्या दिवशी त्यांची छायाचित्रे लावायची. या तुकडीचा खर्च भरून निघतो तो मागच्या बाकांवरील मुलांच्या पूर्ण शुल्कातून. सामान्य मुलाच्या बापाने हप्त्यांनी भरलेल्या पैशांवर हुशार मुलाची जाहिरात उभी राहते आणि ती जाहिरात पाहून पुढच्या वर्षी आणखी सामान्य मुलांचे बाप रांगेत उभे राहतात. हे चक्र ओळखायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

याच्या उलट चित्र पाहायचे असेल, तर पंचतंत्राचा आरंभ आठवावा. राजा अमरशक्तीचे तीन पुत्र मंदबुद्धी. व्याकरणालाच बारा वर्षे लागतात, मग हे राजपुत्र शहाणे कधी व्हायचे, ही दरबारातील चिंता. ऐंशी वर्षांचे विष्णुशर्मा पुढे येतात. शंभर गावांची सनद दिली तरी आपण विद्याविक्रय करणार नाही, असे राजाला तोंडावर सांगतात. आणि सहा महिन्यांत हे राजपुत्र नीतिशास्त्रज्ञ झाले नाहीत, तर आपले नाव टाकून देण्याची प्रतिज्ञा करतात. हमी त्यांनीही दिली होती, पण पणाला स्वतःचे नाव लावले होते, पालकाचा पैसा नव्हे. आणि ती हमी त्यांनी राज्यातील हुशार मुले गोळा करून नव्हे, इतरांनी हात टेकलेली तीन मुले पदरात घेऊन पुरी केली. नुसते पाठांतर घोटून न घेता प्राण्यांच्या गोष्टींतून त्यांनी मुलांना विचार करायला लावले. खाजगी शिक्षकाचा याहून उत्तम आदर्श जगाच्या वाङ्मयात शोधूनही सहज सापडणार नाही.

सरकारच्या लेखी सेवा, समाजाच्या लेखी देवालय

या बाजाराकडे शासनाने कोणत्या दृष्टीने पाहिले, हेही उद्बोधक आहे. क्लास ही करपात्र सेवा आहे, हे सरकारला २००३ मध्येच उमगले आणि तिच्यावर सेवाकर बसला. २०१७ पासून वस्तू व सेवा कर १८ टक्के. शाळेच्या शिक्षणाला करमाफी आणि क्लासला १८ टक्के, म्हणजे ही विद्यादानाची जागा नसून व्यवसाय आहे, हे कर विभागाने केव्हाच ठरवून टाकले. पण व्यवसाय म्हटला की नियम हवेत. बिहारने २०१० मध्ये कायदा केला, राजस्थानने २०२५ मध्ये विधेयक संमत केले. महाराष्ट्रात २०१८ मध्ये मसुदा तयार झाला आणि पुढे वर्षानुवर्षे तो मसुदाच राहिला.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे दिली. सोळा वर्षांखालील किंवा दहावीची परीक्षा न झालेल्या मुलाला कोचिंग केंद्राने दाखल करू नये, गुणांची वा क्रमांकाची हमी देऊ नये, शिकवणारा किमान पदवीधर असावा, दिवसात पाच तासांहून अधिक शिकवणी नसावी, अशी ती तत्त्वे आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, यशस्वी विद्यार्थ्याचे नाव व छायाचित्र त्याच्या यशानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय वापरू नये, असा दंडक घातला. मात्र इयत्ता सहावीपासूनचे ‘फाउंडेशन’ वर्ग त्यामुळे बंद पडले, असे कोणत्याही शहरातील पालकाला म्हणता येणार नाही. कागदावरील तत्त्वांना रस्त्यावरचा फ्लेक्स जुमानत नाही.

नियमांच्या अभावी काय घडते, याची किंमत देशाने मोजली आहे. मे २०१९ मध्ये सुरतच्या एका व्यापारी संकुलातील वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग लागली आणि बावीस जीव गेले. २०२३ या एका वर्षात कोटा शहरात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. ही मुले अभ्यासात आळशी नव्हती. आपल्या यशावर घराचे कर्ज उभे आहे, हे ओझे त्यांच्या कोवळ्या खांद्यांना पेलले नाही.

तिकडे महाविद्यालय नावापुरते आणि दिवसभर क्लास, असा ‘इंटिग्रेटेड’ नावाचा गोंडस प्रकार अकरावी-बारावीत रुजला. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता प्रात्यक्षिकांचे गुण मिळवण्याची ही सोय. तिला आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये राज्यातील मोठ्या शहरांतील कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला, आणि २०२४ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने अशा ‘डमी’ प्रवेशांसाठी देशातील अनेक शाळांची संलग्नता काढून घेतली. ज्या मुलाने सोळाव्या वर्षी खोटी हजेरी लावून घेतली, त्याच्या अंगी पुढे डॉक्टर वा अभियंता म्हणून सचोटी कोठून येणार? त्याला त्या वाटेवर हाताला धरून नेले ते त्याच्याच आईबापांनी, हे अधिक बोचरे सत्य आहे.

एका ठिकाणी पगार, दुसऱ्या ठिकाणी माल

या प्रश्नाची सर्वांत नाजूक बाजू म्हणजे शाळेतील शिक्षकानेच घरी शिकवण्या घेणे. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या २८ व्या कलमाने शिक्षकाला खाजगी शिकवणीस स्पष्ट मनाई केली आहे. मनाईमागचे तत्त्व सरळ आहे. वर्गात अर्धे शिकवायचे आणि उरलेले अर्धे संध्याकाळी घरी विकायचे, हा मोह शिक्षकापुढे उभाच राहू नये.

या तत्त्वाचा वारसा महाराष्ट्रात त्याहून फार जुना आहे. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी. आजीव सदस्यांनी निर्वाहापुरते वेतन घेऊन सर्व शक्ती संस्थेलाच द्यावी, बाहेरची कमाई स्वतःसाठी करू नये, असा लोकमान्य टिळकांचा आग्रह होता. सहकाऱ्यांशी झालेल्या मतभेदांत हा एक प्रमुख मुद्दा होता आणि अखेर १८९० मध्ये टिळक संस्थेबाहेर पडले. बाहेर पडल्यावर ते कायद्याचा वर्ग चालवीत आणि त्याचे शुल्कही घेत. यात विसंगती नाही. शुल्क घेणे हा दोष नव्हेच. एका जागी वेतन घेऊन तेथील कर्तव्याचा अंश दुसऱ्या जागी विकणे, हा दोष आहे.

अर्थात समाजाने शिक्षकाला काय दिले, हेही तपासले पाहिजे. राज्यात २००० पासून शिक्षणसेवक योजना आली. तिच्यातील मानधन २०२३ मध्ये वाढून १६ ते २० हजार रुपये झाले. तोवर ते सहा ते नऊ हजारांत अडकलेले होते. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे राबणाऱ्यांची कहाणी याहून करुण. उपाशी गुरुजींना निःस्पृहतेची व्याख्याने देण्याचा अधिकार त्यांना उपाशी ठेवणाऱ्या समाजाला नाही.

चांगला शिक्षक ओळखावा कसा?

सरसकट बंदी हा उपाय नव्हे. दक्षिण कोरियाने १९८० मध्ये खाजगी शिकवणीवर बंदी घातली. ती चोरवाटांनी चालूच राहिली आणि २००० मध्ये तेथील घटनापीठाने बंदीच रद्द ठरवली. चीनने २०२१ मध्ये नफ्यासाठी चालणाऱ्या शालेय शिकवण्यांवर कुऱ्हाड चालवली. श्रीमंतांच्या घरी शिक्षक गुपचूप येतच राहिले. तेव्हा खरा उपाय पालकाच्या विवेकात आहे. त्याला चांगला शिक्षक ओळखता आला पाहिजे.

चांगला शिक्षक पहिल्या दिवशी शिकवत नाही, तपासतो. नववीतील मुलगा बीजगणितात नापास होतो, म्हणून शिकवणीला येतो. सामान्य शिकवणीत त्याच्यापुढे बीजगणिताची आणखी पन्नास उदाहरणे टाकली जातात. जाणता शिक्षक त्याला एकच साधा प्रश्न देतो : एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? मुलगा वर वर आणि खाली खाली बेरीज करून दोन पंचमांश लिहितो. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आले, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. दुखणे नववीचे नाहीच. ते पाचवीत राहून गेलेले आहे. मग तो शिक्षक नववीचे पुस्तक मिटवून ठेवतो, भाकरीचे तुकडे करून समच्छेद का करावा लागतो हे दाखवतो, पाढे पक्के करून घेतो. पंधरा दिवसांत ‘भाग किती झाला?’ असे विचारणाऱ्या पालकाला हा शिक्षक संथ वाटेल. पण पायाचा दगड बसवल्याशिवाय तो भिंत उचलणार नाही.

चांगल्या शिक्षकाच्या शिकवणीत मूल अधिक बोलते आणि शिक्षक कमी. मुलाने उत्तर बरोबर दिले तरी तो विचारतो, ‘असे का?’ चुकीच्या उत्तराला तो रागावत नाही. त्या उत्तरामागचा मुलाचा विचार कोणता होता, हे शोधतो. तो छापील टिपणे वाटत नाही, मुलाकडून टिपणे काढून घेतो. तो मुलाच्या वहीतली ओळन्‌ओळ वाचतो. पालकांनी क्लासचे माहितीपत्रक पाहण्याऐवजी महिन्याभरानंतर मुलाची वही पाहावी. लाल शाईच्या खुणा कोठे आहेत, चूक नुसती खोडली आहे की तिचे कारण लिहिले आहे, तीच चूक पुन्हा झाली आहे का, हे त्या वहीत निर्विवाद दिसते.

चांगला शिक्षक शाळेची निंदा करून स्वतःचा भाव वाढवत नाही. ज्या मुलाच्या मनातून शाळेतील गुरुजींविषयीचा आदर गेला, त्याच्या दिवसातील सहा तास वाया गेले, हे त्याला कळते. तो मुलाचे खेळणे आणि झोप हिरावून घेत नाही. संध्याकाळी मैदानावरून ओढून आणलेले मूल पुस्तकासमोर बसते, पण शिकत नाही. आठवड्यातून तीन दिवस, दीड तास पुरे असताना रोजची बॅच मागणाऱ्या पालकालाच तो समजावतो. तो पालकांशी खरे बोलतो. मुलाचा कल विज्ञानाकडे नसेल तर ते स्पष्ट सांगतो, भले पुढच्या दोन वर्षांचे शुल्क बुडो.

आणखी एक गोष्ट संकोचामुळे बोलली जात नाही. शिकवणीची जागा उघडी, घरातल्या माणसांच्या नजरेसमोरची असावी. चांगला शिक्षक स्वतःच दार उघडे ठेवतो आणि त्याविषयी पालकांनी विचारले तर त्याला राग येत नाही. ज्याला राग येतो, त्याच्याकडे मूल पाठवू नये. मुलाचे चारित्र्य घडवण्याची भाषा करणाऱ्याचे स्वतःचे वर्तन पारदर्शक असणे, ही किमान अट आहे.

या सगळ्या खुणांच्या मुळाशी एकच कसोटी आहे. या शिक्षकाकडे वर्षभर शिकल्यावर पुढच्या वर्षी मुलाला शिकवणीची गरज कमी लागणार आहे की अधिक? मूल नवा पाठ आपला आपण वाचून समजून घेऊ लागले, अडल्यावर कोठे शोधायचे ते त्याला कळू लागले, तर शिकवणी सफल झाली. पण सहावीला लावलेला क्लास बारावीपर्यंत सुटतच नसेल, तर त्या मुलाला शिकवलेले नाही, त्याला गिऱ्हाईक बनवलेले आहे. बाजाराचे हित गिऱ्हाईक टिकण्यात असते आणि शिक्षकाचे समाधान शिष्य सुटण्यात. सायकल शिकवणारा बाप मागचा हात कधी सोडला हे मुलाला कळूही देत नाही. पण हात सोडायचा आहे, हे त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून असते.

घराघराचे आणि वस्तीचे कर्तव्य

मध्यमवर्गीय घरांनी स्वतःलाही काही प्रश्न विचारले पाहिजेत. क्लास लावला जातो तो मुलाला समजत नाही म्हणून, की शेजारच्याने लावला म्हणून? संध्याकाळी आईबाप दोघेही उशिरा येतात, मूल कोठेतरी सुरक्षित बसावे, म्हणून क्लास लावला असेल, तर ती गरज खरी आहे, पण तिचे उत्तर वेगळे आहे. आणि दूरदर्शन संचासमोर वा मोबाइलवर रात्र घालवणाऱ्या घराला मुलाच्या अभ्यासासाठी लाखाचा क्लास लावण्याचा नैतिक अधिकार उरतो का? रोज अर्धा तास आईने वा वडिलांनी मुलाकडून दिवसभरात शिकलेले ऐकून घेतले, आजोबांनी पाढे म्हणवून घेतले, सवायकी-दिडकीची गोडी लावली, तर प्राथमिक वर्गांतील निम्म्या शिकवण्या आपोआप सुटतील. आईबापांना विषय येत नसला तरी चालते. ‘मला समजावून सांग’ असे म्हणता आले, की पुरे. समजावताना मुलाचे मुलालाच उमगते.

ज्यांच्या घरी समजावून घेणारेही कोणी नाही, अशा वस्त्यांचे काय? तेथे क्लासची फी परवडत नाही आणि दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला कोपराही मिळत नाही. ही उणीव शासन भरून काढील म्हणून वाट पाहत बसणे हा कार्यकर्त्यांचा धर्म नव्हे. देवळाचा सभामंडप, सोसायटीचे सभागृह, सुट्टीनंतर रिकामी राहणारी शाळेची खोली यांपैकी एखादी जागा, एक फळा, चार सतरंज्या आणि आठवड्यातून दोन संध्याकाळ देणारे दहा जण, एवढ्यावर अभ्यासिका उभी राहते. निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. एका शिकवणाऱ्यामागे पाच मुले, यापेक्षा अधिक नकोत. पन्नास मुले गोळा करून छायाचित्र काढले, की तोही एक फ्लेक्सच होतो.

अशी अभ्यासिका चालवणाऱ्यांनीही कसोटी तीच लावावी. वर्षाअखेरीस किती मुले आली, याची नोंद ठेवण्यापेक्षा किती मुलांना आता यावे लागत नाही, याची नोंद ठेवावी. आणि त्यांतील किती जण पुढच्या वर्षी धाकट्यांना शिकवायला येऊन बसले, याची. घेणारा देणारा होतो, तेव्हाच विद्यादान पुरे होते.

पुढच्या जूनमध्येही चौकात फ्लेक्स लागतील. त्याखाली उभ्या राहणाऱ्या बापाने क्लासचालकाला टक्केवारी विचारू नये, फीची सवलतही विचारू नये. त्याने एवढेच विचारावे : ‘माझ्या मुलाची शिकवणी तुम्ही कधी सोडवाल?’ जो या प्रश्नाने गोंधळेल वा हसेल, त्याच्या दारातून परत फिरावे. जो विचारात पडेल आणि म्हणेल, ‘आधी मुलाला घेऊन या, पाहू द्या,’ त्याच्या हाती मूल निश्चिंतपणे सोपवावे.